कुरण वाळल्याची भरपाई अमेरिकेत कशी ठरते?

प्रश्न (माण तालुका, सातारा)
2019 च्या दुष्काळात आमची चार जनावरे अडीच महिने चारा छावणीत होती. शासन मोठ्या जनावरामागे दिवसाला आधी 90 आणि नंतर 100 रुपये छावणीचालकाला देत असे. आमच्या हाती पैसा नव्हे, चारा येई, आणि घरातले एक माणूस रात्रंदिवस दावणीपाशी अडकून पडे. अमेरिकेत मात्र चराई बुडाली म्हणून पशुपालकाच्या खात्यात थेट रक्कम जमा होते, असे वाचनात आले. तेथे नुकसान कोण ठरवते? पंचनामा होतो का?

उत्तर (पशुवैद्यक, नेब्रास्का)
दुष्काळासाठी पंचनामा होत नाही. 2008 च्या कृषी कायद्याने आलेली आणि 2014 मध्ये कायमस्वरूपी झालेली ही योजना (Livestock Forage Disaster Program) दर गुरुवारी प्रसिद्ध होणाऱ्या, दुष्काळाच्या पायऱ्या रंगांनी दाखवणाऱ्या नकाशावर चालते. पशुपालकाच्या काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा) कोणताही भाग चराईच्या हंगामात 'तीव्र' पायरीवर सलग चार आठवडे राहिला, की एका महिन्याची रक्कम देय होते. 2025 पूर्वी त्यासाठी आठ आठवडे लागत. त्यावरची पायरी एकदा जरी लागली तरी तीन महिन्यांची, आणि सर्वांत वरची पायरी चार आठवडे टिकली तर पाच महिन्यांची रक्कम मिळते. जनावरांचा महिन्याचा चारा-खर्च आणि कुरणाच्या जनावरे पोसण्याच्या क्षमतेवरून निघणारा चारा-खर्च यांपैकी जो आकडा कमी भरेल, त्याच्या 60 टक्के धरले जातात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती तरतूद वेगळीच आहे. एका कोरड्या उन्हाळ्यात मी गाभण तपासणीसाठी गेलो, तेव्हा तळ्याचा गाळ भेगाळला होता आणि मालक चांगल्या वयाच्या गायी बाजारासाठी ट्रकमध्ये चढवत होता. आधीच्या दोन वर्षांत दुष्काळामुळे अशी विकावी लागलेली जनावरेही भरपाईच्या दराच्या 80 टक्क्यांनी हिशेबात येतात. विकणाऱ्यालाही तोटा झालेला असतो, हे कायद्याने मान्य केले आहे.

उत्तर (कृषी अर्थशास्त्राचा विद्यार्थी)
यात एक उणीव आहे, तीही सांगायला हवी. काउंटीच्या सीमेवर कुंपणाच्या अलीकडे-पलीकडे गवत सारखेच वाळलेले असते. तरी नकाशाचा रंग बदलला की एकाला रक्कम मिळते आणि दुसऱ्याला नाही. शिवाय एका व्यक्तीला वर्षाला 1,25,000 डॉलरची मर्यादा आहे.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. आमच्या भागातल्या मेंढपाळांकडे सातबारा नाही. पावसाळा सोडला तर ते कोकणापर्यंत मेंढरे घेऊन फिरतात. अशांना तेथे काय मिळाले असते?

उत्तर (पशुवैद्यक, नेब्रास्का)
जमीन मालकीची असण्याची अट नाही, पण चराईचा हक्क कागदावर दाखवावा लागतो. भाडेपट्टा चालतो, आणि केंद्र सरकारच्या जमिनीवरील चराईचा परवानाही चालतो. त्या जमिनीवर वणवा लागून चराई बंद केली, तर परवानाधारकाला तेवढ्या दिवसांच्या चारा-खर्चाचा निम्मा भाग, जास्तीत जास्त 180 दिवसांपर्यंत मिळतो. आपल्या मेंढपाळांकडे असा कागदच नसतो. म्हणून ही योजना महाराष्ट्रात उचलून आणायची, तर पैशाआधी गायरानावरच्या आणि वनजमिनीवरच्या चराईची त्यांच्या नावाने नोंद व्हायला हवी.