‘विश्वासणारा’ आणि ‘विश्वासू’ : मूळ एक, मग अर्थ दोन का?

मूळ प्रश्न (सोलापूर)
रविवारी उपासनेनंतर आमच्या ख्रिस्ती मंडळीत तरुणांचा शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा वर्ग असतो. परवा अकरावीतल्या एका मुलीने विचारलं, “आपण स्वतःला ‘विश्वासणारे’ म्हणतो, मग ‘विश्वासू’ का म्हणत नाही?” वर्ग मीच घेतो, पण मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद 1
दादा, मूळ एकच. वि + श्वस्. त्यात श्वास आहे. ज्याच्यापाशी जीव निर्धास्त होतो, त्याच्यावर आपला विश्वास. ‘विश्वासणारा’ म्हणजे विश्वास ठेवणारा. आता ‘उडाऊ’ म्हणजे पैसा उडवणारा, ‘लढाऊ’ म्हणजे लढणारा. त्या चालीने ‘विश्वासू’सुद्धा विश्वास ठेवणाराच व्हायला हवा होता. पण मराठीत तो झाला ज्याच्यावर दुसऱ्यांनी विश्वास टाकावा असा माणूस.
बायबलच्या नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये ‘पिस्तोस’ या एका शब्दात हे दोन्ही अर्थ आहेत. मराठी भाषांतरकाराला जागोजाग निवड करावी लागते. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 25 व्या अध्यायातला दास ‘विश्वासू’च हवा, कारण धन्याने आपला पैसा त्याच्या हाती सोपवला होता.

प्रतिसाद 2
हे वाचून आजी आठवली. सोलापूरच्या पूर्व भागात राहायची, बालवाडीत आया होती. गल्लीत पद्मशाली घरं जास्त, थोडी लिंगायत, दोन मुसलमान, आणि ख्रिस्ती आमचं एकच. पण गल्लीतल्या बायकांची भिशी तिच्याकडे. बारा जणी, महिन्याला पन्नास रुपये. एका महिन्याला डब्यात सहाशेऐवजी साडेसहाशे निघाले. तिने तीनदा मोजले. मग रात्री नऊ वाजता कंदील घेऊन निघाली (लाइट गेली होती) आणि प्रत्येक दारात एकच विचारलं, “तुझ्याकडे पैसे कमी भरतात का बघ.” किती जास्त आलेत ते सांगितलं नाही.
सातव्या घरातली बाई विड्या वळायची. विडीच्या पगारातल्या दोन कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. ती संध्याकाळपासून पन्नास रुपये शोधत होती आणि पोरीने घेतले म्हणून पोरीला मारून बसली होती. आजीने ती नोट आईला दिली नाही. कोपऱ्यात रडत बसलेल्या त्या पोरीच्या हातात दिली, आणि म्हणाली, “ही तुझ्या आईला तू दे.” मी तेव्हा आजीच्या पदराला धरून उभा होतो.
आजी देवळात उभी राहून कधी साक्ष द्यायची नाही, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल चारचौघांत बोलायची नाही, तिला बोलताच यायचं नाही. (आम्ही जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतो.) शेजारची कन्नड बोलणारी आजी तिला ‘नंबिगस्त’, म्हणजे विश्वासू, म्हणायची. कन्नड बायबलमध्ये मत्तय 25 मधल्या त्या दासाला हाच शब्द आहे, हे मला फार उशिरा कळलं. तुमच्या विद्यार्थिनीला माझं उत्तर हेच : ‘विश्वासणारा’ आपण स्वतःला म्हणू शकतो. ‘विश्वासू’ हा शब्द गल्लीने द्यायचा असतो.

प्रतिसाद 3
ताई-दादांनो, फार सुंदर. पण एक शंका. तारण (पापातून सुटका) विश्वासाने, कर्मांनी नव्हे, असं प्रेषित पौल रोमकरांना लिहितो. गल्लीच्या प्रमाणपत्रावर विश्वास तोलायला लागलो तर आपण परत कर्मांकडेच जात नाही का?

प्रतिसाद 1 (पुन्हा)
शंका जुनी आणि खरी आहे. नव्या करारातलं याकोबाचं पत्र म्हणतं, क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. त्या पत्रावर याच कारणाने जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर नाराज होता. 1522 च्या आपल्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने त्याला पेंढ्याचं, म्हणजे हलकं, पत्र म्हटलं. पण पौलच गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात (5:6) प्रीतीतून कार्य करणाऱ्या विश्वासाबद्दल बोलतो. आजीने नोट परत केली ती तारण कमवायला नव्हे. तिला झोप आली नसती म्हणून.
याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मराठीत कर्मांसाठी ‘क्रिया’ येतं. मला तो शब्द आज थोडा कोरडा वाटतो, शस्त्रक्रिया आणि रासायनिक क्रिया आठवतात. बोलताना मी ‘करणं’ म्हणतो. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड सोडलं की केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुली-बायका गोळा करून आणल्या, आणि साध्या बायकांना कळावं म्हणून हिब्रू-ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबल उतरवलं. छापखान्यात खिळे जुळवायलाही मुक्तीतल्याच बायका. रमाबाई 1922 ला गेल्या, पूर्ण बायबल 1924 ला निघालं. त्यांच्या बाबतीत विश्वास कुठे संपला आणि करणं कुठे सुरू झालं, हे मला दाखवता येणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. भिशीची गोष्ट या रविवारी वर्गात जशीच्या तशी सांगितली. ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, “सर, त्या पोरीला तिच्या आईने नंतर जवळ घेतलं का?” दादा, तुम्हाला आठवत असेल तर सांगा.

प्रतिसाद 2 (पुन्हा)
घेतलं. आम्ही दारातून वळेपर्यंत सोडलं नव्हतं.