अमेरिकेत थेटरात हिंदी पिक्चर, मजा येते का?

कोकणी_मेवा:
आम्ही नुकतेच डॅलसला आलोय, पुढच्या महिन्यात सासूसासरे येतायत. सासऱ्यांना नवा हिंदी पिक्चर मोठ्या पडद्यावरच लागतो. अ‍ॅपवर शो दिसतायत, नवरा म्हणतो मंगळवारी स्वस्त असतं तेव्हा जाऊ. पण इथे शिट्ट्या वगैरे चालतात की सगळे गप्प बसतात? आणि इंटरव्हल असतो ना?

जर्सीचा_बाब्या:
मंगळवारी हॉलमध्ये तुम्ही चौघं आणि पुढे एखादे काका, शिट्टी मारणार कोण? दंगा हवा तर गुरुवारी संध्याकाळचा प्रीमियर नाहीतर शुक्रवारी रात्रीचा शो, तोही देशी वस्तीजवळचा, तुमच्याकडे फ्रिस्को-आयर्व्हिंग आहेच. तिकडे तेलुगूचे प्रीमियर तर जत्राच असते, भाषा नाही कळली तरी एकदा जाच. आणि दुसऱ्या आठवड्यावर ढकलू नका हं, पिक्चर पडला की सकाळचा एखादा शो उरतो, तोही लांबच्या थेटरात. सारखे जाणार असाल तर एएमसीची ए-लिस्ट किंवा रीगल अनलिमिटेड, म्हणजे थेटरवाल्यांचा महिन्याचा पास घ्या, वसूल होतो.

बोस्टनची_बया:
इंटरव्हल विसरा!! पडद्यावर पाटी येते आणि दोन सेकंदात पिक्चर पुढे चालू. तीन तासांचा असेल तर सासऱ्यांना कडेची सीट द्या, बुक करतानाच निवडता येते. शोच्या वेळेनंतर वीसेक मिनिटं ट्रेलरच चालतात त्यामुळे धावत जायची गरज नाही. इंग्रजी सबटायटल सतत खाली असतात, लोक डायलॉग यायच्या आधीच वाचून हसतात, वैताग. रिक्लायनर मात्र झकास, आमचे बाबा सेकंड हाफभर घोरले.

जुना_गडी:
तुमची चैन आहे. न्यूयॉर्कला क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला ईगल म्हणून थेटर होतं, खास हिंदी पिक्चरचं, सगळी गल्लीच आपली. २००९ ला भारतात निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले भांडले, नवे पिक्चर यायचे थांबले आणि ईगल बंद पडलं ते पडलंच. आता टाइम्स स्क्वेअरच्या एम्पायर थेटरलाही हिंदी लागतात, पण ती गंमत नाही बुवा.

कोकणी_मेवा:
गुरुवारची काढते मग. घरचा चिवडा आत नेऊ देतात का?

जर्सीचा_बाब्या:
नियमाने नाही. सासूबाईंची पर्स केवढी आहे? 😀