लिनक्सवर यूएसबी स्मार्ट कार्ड रीडर कधी सापडतो, कधी सापडत नाही

प्रश्न :
मी पीसीएससी-लाइट (प्रोग्राम आणि कार्ड रीडर यांना जोडणारे सॉफ्टवेअर) आणि मुक्तस्रोत सीसीआयडी (यूएसबी कार्ड रीडरचे सामाईक मानक) ड्रायव्हर वापरून रीडर चालवत आहे. संगणक नुकताच सुरू केलेला असताना पीसीएससी-स्कॅन या तपासणीच्या प्रोग्राममध्ये रीडरचे नाव आणि कार्डाचा एटीआर (कार्ड सुरू होताच पाठवते ती ओळख), दोन्ही व्यवस्थित दिसतात. मात्र दरम्यान जीपीजी या कूटलेखन व स्वाक्षरीच्या प्रोग्रामने एखाद्या ईमेलवर स्वाक्षरी केली, की पुढच्या वेळी रीडरच सापडत नाही आणि पीसीएससीडीच्या (पीसीएससी-लाइटच्या पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रामच्या) लॉगमध्ये ‘एलआयबीयूएसबी_एरर_बिझी’ (उपकरण व्यस्त) अशी ओळ येते. एलएसयूएसबीच्या (जोडलेली यूएसबी उपकरणे दाखवणाऱ्या आज्ञेच्या) यादीत रीडर तेव्हाही असतोच. दोष ड्रायव्हरचा समजावा का?

उत्तर १ :
ड्रायव्हर निर्दोष आहे असे मला वाटते. एलएसयूएसबीच्या सविस्तर माहितीत इंटरफेसचा वर्ग ११ दिसत असेल, तर तो सीसीआयडीचाच वर्ग आहे. शिवाय एटीआर एकदा वाचला गेला, म्हणजे केबल, रीडर आणि कार्ड हेही ठीक आहेत.

खरी अडचण ताब्याची आहे. यूएसबी इंटरफेस एका वेळी एकाच प्रोग्रामच्या हाती राहू शकतो, आणि एससीडीमन या जीपीजीच्या कार्ड हाताळणाऱ्या भागामध्ये स्वतःचा वेगळा सीसीआयडी ड्रायव्हर असल्यामुळे तो पीसीएससीडीला वगळून थेट रीडर धरतो. सॉकेटमार्फत, म्हणजे एखाद्या प्रोग्रामने मागणी करताच, सुरू झालेला पीसीएससीडी सुमारे ६० सेकंद काम नसल्यास आपणहून बंद होतो. त्याच मोकळ्या वेळात तुम्ही स्वाक्षरी केली, की रीडर एससीडीमनकडे जातो. बिघाड कधी दिसतो आणि कधी दिसत नाही, त्याचे कारण हेच.

होम डिरेक्टरीतील .जीएनयूपीजी फोल्डरमध्ये एससीडीमन.कॉन्फ ही फाइल उघडून तीत ‘डिसेबल-सीसीआयडी’ एवढी एकच ओळ लिहा, जीपीजीकॉन्फच्या ‘किल’ पर्यायाने एससीडीमन थांबवा आणि रीडर काढून पुन्हा जोडा.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार, आता रीडर प्रत्येक वेळी दिसतो. परंतु स्वाक्षरी झाल्यावर ब्राउझरमधून ओपनएससी या स्मार्ट कार्ड सॉफ्टवेअरच्या मॉड्यूलने तेच कार्ड वापरू लागलो, तर ‘शेअरिंग व्हायोलेशन’ अशी त्रुटी येते.

उत्तर २ :
ही अडचण एक पायरी वरची आहे. रीडर आता पीसीएससीडीकडे आहे, पण एससीडीमन त्याच्याकडून कार्ड एकट्यासाठी मागून घेतो आणि काम झाल्यावरही धरून ठेवतो. ‘पीसीएससी-शेअर्ड’ हा पर्याय त्याच फाइलमध्ये लिहिल्यास कार्ड सामाईक होते. मी मात्र तो सहसा सुचवत नाही, कारण पिन दिल्यानंतर कार्ड ज्या अवस्थेत असते तिचा लाभ दुसऱ्या प्रोग्रामलाही मिळू शकतो, आणि दोघांनी आलटून पालटून आज्ञा पाठवल्यास कार्डावर कोणते अॅप्लिकेशन निवडलेले आहे याविषयी एकाचा समज चुकीचा ठरतो. ब्राउझर वापरण्यापूर्वी एससीडीमन थांबवणे थोडे कष्टाचे असले, तरी सुरक्षित आहे. पुढच्या स्वाक्षरीच्या वेळी तो आपोआप सुरू होईल आणि फक्त पिन पुन्हा मागेल.

प्रश्नकर्ता :
एससीडीमन थांबवताच ब्राउझरने कार्ड ओळखले. सामाईक पर्याय वापरणार नाही.