आपोआप नोंद होते, तिथेच घोळ आहे
मोबाईलमध्ये सगळे व्यवहार दिसतातच, मग रोजचा खर्च वहीत लिहायचा कशाला, असं कुणी विचारेल. दिसतात, पण दुकानाचं नाव आणि रक्कम, एवढंच. त्यात किराणा किती आणि जाता जाता उचललेली बाकरवडी किती, हे कुठे कळतं?

मी पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून साधी दोनशे पानी वही आणली. डाव्या पानावर ठरलेले खर्च: भाडं, वीजबिल, दूध, मावशींचा पगार. उजव्या पानावर रोजचे. पगारातून डाव्या पानाची बेरीज आणि बचत वजा करायची, उरलेल्याला ३० ने भागायचं. तो दिवसाच्या खर्चाचा आकडा कोपऱ्यात ठळक. तुळशीबागेत खरेदीची एक फेरी झाली की पुढचे चार दिवस बाहेरचा चहा बंद. (बायको याला चिक्कूपणा म्हणते. असो.)

जपानमध्ये अशा वहीला काकेइबो म्हणतात, हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये ती आणली. आमची आजी कॅलेंडरच्या मागे तेच करायची.

महिनाअखेर पन्नासेक रुपयांचा मेळ बसत नाहीच. ते 'किरकोळ'मध्ये ढकलतो आणि झोपतो.