टीएलआर५ (जंतू ओळखणाऱ्या ग्राहक-प्रथिनाचं जनुक) च्या दोन्ही प्रती संसर्गानंतर सारख्याच वाढतात, हे खरं मानावं का?

प्रश्न:
कॉमन कार्प माशाच्या जीनोममधून टीआयआर डोमेन (टीएलआरचा पेशीच्या आत संदेश देणारा भाग) शोधून टीएलआर कुटुंबातली जनुकं काढली आहेत. माशांच्या उदरपोकळीत एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू टोचून ६, २४ आणि ७२ तासांनी प्लीहा, यकृत आणि हेड किडनी (मूत्रपिंडाचा पुढचा, रक्तपेशी बनवणारा भाग) घेतली. तुलनेला ० तासाचे मासे आहेत. क्यूपीसीआरमध्ये (जनुक किती सक्रिय आहे हे मोजणारी चाचणी) टीएलआर५ च्या दोन्ही प्रतींचे आलेख तंतोतंत जुळतात. मेल्ट कर्व्हला (उत्पादन कोणत्या तापमानाला वितळतं याचा आलेख) एकच शिखर आहे. संदर्भ जनुक (स्थिर मानून ज्याच्याशी तुलना करतात ते) बीटा-ॲक्टिन आहे, पण २४ तासांच्या प्लीहेत त्याचा सीटी (सिग्नल दिसायला लागणारी सायकल) दीडने खाली येतो. दोन्ही प्रती एकत्र काम करतात असं म्हणावं का?

उत्तर १:
इतक्यात नको. कार्पच्या वंशात संपूर्ण जीनोम आणखी एकदा दुप्पट झालाय, त्यामुळे जोडप्रतींचे कोडिंग क्रम फार मिळतेजुळते असतात. दोन-चार बेसचा फरक असलेली दोन उत्पादनं जवळजवळ एकाच तापमानाला वितळतात, मग शिखर एकच दिसणार. उत्पादन सिक्वेन्स करून पाहा. क्रोमॅटोग्रामवर एकाच जागी दोन रंगांची शिखरं एकमेकांवर चढलेली दिसली, आणि त्या जागा दोन प्रतींमधल्या फरकाच्याच असल्या, तर प्राइमर (जनुकाला चिकटून प्रत काढायला सुरुवात करणारा छोटा डीएनए तुकडा) दोन्ही उचलतोय. नवे प्राइमर ३′ यूटीआरवर (जनुकाच्या शेवटचा, प्रथिन न बनवणारा भाग) बेता. तिथे प्रती जास्त वेगळ्या झालेल्या असतात. फरकाचा बेस प्राइमरच्या अगदी ३′ टोकाला आणा. नंतर प्रत्येक प्रतीचा प्लाझ्मिड क्लोन (फक्त ती एकच प्रत घातलेला वर्तुळाकार डीएनए) दुसऱ्या प्रतीच्या प्राइमरने चालवा. तिथे सिग्नल किमान १० सायकल उशिरा यायला हवा.

उत्तर २:
मला बीटा-ॲक्टिनची जास्त काळजी वाटते. सगळ्या नळ्यांत आरएनए सारखंच घातलं असेल, तर सीटीतला दीडचा फरक म्हणजे सुमारे २.८ पट. तेवढ्याच पटीने प्लीहेतली टीएलआर५ ची वाढ कमी दिसतेय. ईएफ१-अल्फासारखी आणखी दोन-तीन संदर्भ जनुकं घ्या आणि प्रत्येक अवयवात, प्रत्येक वेळेला तपासा; यकृतात स्थिर म्हणून प्लीहेतही स्थिर, असं धरू नका. प्राइमरची कार्यक्षमता ९० ते ११० टक्के, म्हणजे स्टँडर्ड कर्व्हचा (ज्ञात प्रमाणं आणि सीटी यांचा आलेख) उतार −३.६ ते −३.१ मध्ये हवा.

शिवाय ० तासाचे मासे पुरेसे नाहीत. पकडणं, भूल, सुई, सगळ्यानेच कॉर्टिसॉल वाढतं आणि प्रतिकारजनुकं हलतात. प्रत्येक वेळेला जिवाणूऐवजी नुसतं पीबीएस (क्षारद्रावण) टोचलेला गट लागतोच. पाण्याचं तापमानही सगळ्या टाक्यांत एकच ठेवा. मासा शीतरक्ताचा, थंड पाण्यात त्याचा प्रतिसाद उशिरा उमटतो.

उत्तर ३:
शोधपद्धतीतही एक भोक आहे. टीएलआर५ फ्लॅजेलिन (जिवाणूच्या शेपटीचं प्रथिन) ओळखतो. पण रेनबो ट्राउटमध्ये त्याचं एक विद्राव्य रूपही आहे, त्याला पटलातला भाग नाही आणि टीआयआरही नाही. फक्त टीआयआरवर शोधलं तर असं जनुक हाती लागणारच नाही. ल्युसिनयुक्त पुनरावृत्तींचा (जंतू ओळखणारा) भाग घेऊन पुन्हा ब्लास्ट (मिळत्याजुळत्या क्रमांचा शोध) करा आणि सापडलं तर आधी यकृत तपासा, कारण ट्राउटमध्ये ते रूप मुख्यतः तिथेच वाढतं.