लीज संपली तर काय होतं ते फ्लॅट विकायला काढल्यावर कळतं

वांद्रेकर: काल इथे एकाने लिहिलं की कलेक्टरच्या, म्हणजे सरकारी जमिनीवरच्या सोसायट्यांनी लीज (जमिनीचा ठराविक मुदतीचा भाडेपट्टा) रिन्यू करायच्या भानगडीत पडूच नये, "सरकार काय बिल्डिंग उचलून नेणार आहे का". ते वाचून झोप उडाली म्हणून सविस्तर लिहितोय.

नाही हो नेत कोणी उचलून. पण आईच्या आजारपणात मी फ्लॅट विकायला काढला, गिऱ्हाईक मिळालं, टोकन घेतलं आणि त्यांच्या बँकेच्या वकिलाने सर्च रिपोर्टमध्ये, म्हणजे मालकीचे कागद तपासून दिलेल्या अहवालात, एक ओळ टाकली, लीजची मुदत संपलेली, नूतनीकरण नाही. लोन नामंजूर. ते जोडपं आमच्याच हॉलमध्ये बसून टोकन परत मागत होतं आणि मी आईच्या औषधांच्या डब्याखालून चेकबुक काढत होतो. त्यांची काय चूक?

आता आकडे. लीज रिन्यू केली की 2012 च्या जीआरप्रमाणे (सरकारी निर्णय) जमिनीच्या रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमतीचे 25 टक्के धरायचे आणि रहिवासी असेल तर त्यावर 2 टक्के वर्षाचं भाडं. समजा प्लॉट 800 चौ. मी., दर एक लाख. किंमत 8 कोटी, त्याचे 25 टक्के 2 कोटी, भाडं वर्षाला 4 लाख. 24 फ्लॅट असले तर घरटी महिन्याला चौदाशेच्या आत. वांद्र्यात दर जास्त, मान्य, पण आधी हिशोब तर करा.

पेन्शनर_खार: कालचा तो मीच. चौदाशे तुम्हाला किरकोळ वाटतात, मला नाही. आणि मागची थकबाकी कुठे लपवलीत? सोसायटी वर्षाला काहीशे रुपये भाडं भरत होती, ते एकदम शेकडो पट, तेही लीज संपल्या तारखेपासून, वर व्याज. आम्ही 1974 ला पै पै जमवून घर घेतलं, तेव्हा कोणी सांगितलं होतं का की मालक दुसराच आहे?

वांद्रेकर: काका, लीज डीडमध्ये लिहिलेलं होतं. वांद्र्याच्या सोसायट्या याच जीआरविरुद्ध हायकोर्टात गेल्या होत्या, 2025 ला कोर्टाने वाढ अवाजवी नाही असंच म्हटलं. दर 5 वर्षांनी भाडं वाढवायचं मात्र मान्य केलं नाही, तेवढा दिलासा लढल्यामुळेच मिळाला ना? गप्प बसून मिळाला असता का?

लंडनची_आई: माझा मुलगा क्रॉयडनला असतो. तिथे ज्याच्या त्याच्या फ्लॅटची लीज ज्याने त्याने वाढवायची. उरलेली मुदत 80 वर्षांच्या खाली गेली की मॅरेज व्हॅल्यू, म्हणजे लीज वाढल्याने फ्लॅटची किंमत वाढते त्यातला जमीनमालकाचा वाटा, म्हणून जादा पैसे द्यावे लागतात, म्हणून त्याने 82 उरलेली असतानाच अर्ज केला. इथे तसं का नाही करत?

वांद्रेकर: ताई, इथे जमीन सोसायटीच्या नावावर लीजने असते, आपल्याकडे फक्त शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचे सभासद असल्याचा कागद. एकट्याला वाढवायची म्हटली तरी वाढवता येत नाही. कमिटी झोपली की सगळी बिल्डिंग झोपली.

हिंदू_कॉलनी: कमिटीला झोपलेली म्हणू नका!! मी 9 वर्षं सेक्रेटरी होतो. आमची जमीन पालिकेची, मूळची इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची, 1896 च्या प्लेगनंतर मुंबई सुधारायला 1898 ला जो ट्रस्ट झाला त्याची. तर मूळ लीज डीड तळमजल्याच्या ऑफिसात लोखंडी कपाटात होतं आणि 26 जुलै 2005 ला तिथे कमरेएवढं पाणी. फाइल उघडली तर कागद एकमेकांना चिकटून विटेसारखा गठ्ठा झालेला, शाई निळी पसरलेली. सर्टिफाइड कॉपीसाठी वॉर्ड ऑफिसला मी स्वतःच्या रजा टाकून चकरा मारल्या. एकाने विचारलं नाही चहा घेतलास का.

दादरची_सून: मग आधीच झेरॉक्स काढून का नाही ठेवली? आमच्याकडेही हेच, दर वेळी पूर आठवतो.

हिंदू_कॉलनी: तुम्ही कधी कमिटीत आलात का? एजीएमला (वार्षिक सभेला) 30 पैकी 7 माणसं येतात, तीही लिफ्टवर भांडायला. तीन फ्लॅट अमेरिकेत, दोघांनी दोन वर्षं मेंटेनन्स भरलेला नाही आणि लीजच्या वकिलाच्या फीसाठी वर्गणी काढली तर सगळ्यात आधी त्यांचाच फोन, खर्च कशाला.

दादरची_सून: नाही आले, कारण माझ्या सासऱ्यांना तुमच्यासारख्याच एका सेक्रेटरीने सभेत "बसा खाली" म्हटलं होतं. अपमान करायचा आणि वर माणसं येत नाहीत म्हणायचं.

हिंदू_कॉलनी: तो मी नव्हतो. पण त्यांना तसं बोलायला नको होतं, हे मान्य.

पेन्शनर_खार: विषय लीजचा होता. माझं म्हणणं अजून तेच, जुन्या थकबाकीवर व्याज लावणं अन्याय आहे.

वांद्रेकर: व्याजावर मी तुमच्याबरोबर आहे, त्यासाठी अर्ज करू, भांडू. पण अर्ज करायला आधी रिन्यूअलची फाइल कलेक्टर ऑफिसात जायला हवी ना काका? आणि पुढे रिडेव्हलपमेंट करायचं झालं तर लीज नसलेल्या बिल्डिंगला कुठला बिल्डर हात लावणार?

पेन्शनर_खार: माझ्या मुलीनेही परवा हेच सांगितलं, तिच्यावर उगाच खेकसलो. बरं, एजीएमच्या अजेंड्यावर विषय घालायला सांगतो. पण व्याजाचं लेखी उत्तर आल्याशिवाय माझ्या वाट्याचा चेक मिळणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. आणि आई कशी आहे आता?

वांद्रेकर: घरीच आहे. फ्लॅट अजून तसाच आहे, गावची जमीन विकली.