जयसिंगपूर ते कुरुंदवाड अर्धमॅरेथॉन: अंतर आणि मार्गाबाबत सल्ला हवा आहे

प्रश्न

नमस्कार. जयसिंगपूर, शिरोळ आणि कुरुंदवाड येथील आम्ही काही धावक दर रविवारी पहाटे एकत्र धावतो. जयसिंगपुरातून निघून शिरोळ आणि नृसिंहवाडीमार्गे पंचगंगेचा पूल ओलांडून कुरुंदवाडला संपेल, अशी एक अर्धमॅरेथॉन येत्या जानेवारीत भरवावी असा आमचा विचार आहे. पाचशे धावकांची तयारी ठेवतो आहोत. रस्ता सपाट आहे आणि दोन्ही बाजूंना ऊस आहे. अडचण अशी की मोटारसायकलच्या मीटरवर हे अंतर सुमारे पंधरा किलोमीटरच भरते, आणि आम्हाला २१.०९७५ किलोमीटर हवे आहे. उरलेले सहा किलोमीटर कोठे घालावेत? शेवटही जयसिंगपुरातच ठेवला तर धावकांना परत आणण्याच्या गाड्यांचा खर्च वाचेल, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. परंतु एका गावातून निघून दुसऱ्या गावात पायी पोहोचण्यात जे समाधान आहे, ते सोडायला माझे मन तयार होत नाही.

उत्तर १ (मार्गमापनाचा अनुभव असलेला धावक)

शेवट कुरुंदवाडलाच ठेवा. इंग्लंडमधील न्यूकॅसल ते साउथ शील्ड्स ही 'ग्रेट नॉर्थ रन' १९८१ पासून अशीच एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते आणि जगातील मोठ्या अर्धमॅरेथॉनांत तिची गणना होते. तिच्यातील वेळ जागतिक विक्रमासाठी धरली जात नाही, पण त्यामुळे लोकांचे तिच्यावरील प्रेम कमी झालेले नाही. विक्रमासाठीचा नियम असा आहे की आरंभ आणि शेवट यांमधील सरळ रेषेतील अंतर स्पर्धेच्या निम्म्याहून अधिक नसावे, म्हणजे अर्धमॅरेथॉनसाठी साडेदहा किलोमीटरच्या आसपास. शिवाय एकूण उतार किलोमीटरमागे एका मीटरपेक्षा जास्त नसावा. तुमच्या दोन गावांमधले सरळ अंतर या मर्यादेच्या अगदी जवळ जाते, तेव्हा ते नकाशावर नीट मोजून पाहा.

सहा किलोमीटरसाठी शिरोळच्या अलीकडे किंवा पलीकडे शिवारात जाणारा एखादा डांबरी रस्ता निवडा आणि तीन किलोमीटर जाऊन त्याच रस्त्याने परत या. हा फाटा स्पर्धेच्या पहिल्या अर्ध्यात असावा, कारण अठराव्या किलोमीटरला मुख्य रस्ता सोडून बाजूला वळायला लावले की दमलेल्या माणसाचा धीर सुटतो. जेथून मागे वळायचे तेथे वेळ नोंदवणारी चटई अंथरा, म्हणजे कोणी अलीकडूनच वळले तर लगेच कळेल.

मोटारसायकलचे मीटर किंवा मनगटी घड्याळ यांवर विसंबून राहू नका. मान्य पद्धत सायकलची आहे. पोलादी टेपने किमान ३०० मीटरची सरळ पट्टी मोजायची, सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर (चाकाचे फेरे मोजणारे छोटे यंत्र) बसवून त्या पट्टीवरून चार वेळा जायचे, म्हणजे ठरावीक अंतराला चाकाचे किती फेरे होतात ते कळते, मग मार्ग मोजायचा आणि परत येऊन पट्टीवर पुन्हा चार फेऱ्या मारायच्या. ऊन वाढले की टायरमधली हवा प्रसरण पावते आणि चाकाचा घेर बदलतो, म्हणून हे सगळे एकाच सकाळी उरकावे लागते. वळणावर आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर राखून, धावकाला शक्य असलेली सर्वांत जवळची वाट धरायची. अंतर कमी भरू नये म्हणून शेवटी किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात. तुमच्याकडे ते २१ मीटर होतील. धावकांना रस्त्याच्या डाव्या बाजूनेच धावायला लावणार असाल तर मोजणीही त्याच बाजूने करा आणि स्पर्धेच्या दिवशी त्या वळणांवर शंकू ठेवा, नाहीतर मोजलेला मार्ग एक आणि धावलेला दुसराच, असे होईल.

उत्तर २ (शिरोळ तालुक्यातील ऊस उत्पादक)

जानेवारी म्हणजे गळिताचा, म्हणजे कारखान्यातील ऊस गाळपाचा, भर. दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात, पहाटेही थांबत नाहीत, आणि भरलेली ट्रॉली एकदम थांबवता येत नाही. पोलिसांची परवानगी तर घ्याच. त्याशिवाय कारखान्याचा शेती विभाग, वाहतूकदार आणि ऊसतोड टोळ्यांचे मुकादम यांना किमान पंधरा दिवस आधी भेटा. त्या सकाळी पाच ते नऊ उसाच्या गाड्या कारखान्याच्या गाडीअड्ड्यावर थांबवण्याची विनंती केली तर ती मान्य होण्याची शक्यता आहे. ऐन वेळी रस्ता अडवलात तर मात्र सगळे चिडतील. आदल्या रात्री रस्त्यावर पडलेला ऊस उचलायला आणि चिखल खरवडायला माणसे ठेवा, कारण दवाने ओल्या झालेल्या उसावरून पाय हमखास घसरतो.

एक कळकळीची विनंती आहे. मागे आमच्या बाजूने एक स्पर्धा गेली होती, तेव्हा पाण्याचे प्लॅस्टिकचे पेले सऱ्यांमध्ये पडून राहिले. तोडणी झाली की उसाचे वाडे (शेंड्याकडचा हिरवा पाला) आम्ही जनावरांना घालतो, आणि वाड्यात गुरफटलेले प्लॅस्टिक म्हशीच्या पोटात गेले की डॉक्टरकडे धावावे लागते. पेले कागदाचे ठेवा आणि प्रत्येक टेबलापुढे शंभर-दीडशे मीटरवर पिंप ठेवून तेथे दोन मुले उभी करा.

उत्तर ३ (ग्रामीण भागात काम करणारी डॉक्टर)

पाण्याची टेबले दर अडीच किलोमीटरवर असावीत. आठ टेबले आणि प्रत्येकी २०० मिलिलिटरचा एकच पेला धरला तरी पाचशे जणांना ८०० लिटर पाणी लागते; मागून येणाऱ्यांसाठी निदान निम्मे आणखी ठेवा. मी स्वतः एका स्पर्धेत अडीच तासांनी पोहोचले तेव्हा शेवटची दोन टेबले कोरडी होती. नुसते पाणी भराभर पिण्यानेही रक्तातील सोडियम घटून माणूस गंभीर आजारी पडू शकतो, म्हणून तहानेप्रमाणे प्या असेच सांगा. कोणी अंगाने तापलेला असून असंबद्ध बोलू लागला तर १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट पाहत बसू नका. तेथेच बर्फाच्या पाण्याने त्याचे अंग थंड करायला घ्या.

स्त्रियांसाठी मार्गावरील शाळांची स्वच्छतागृहे उघडी ठेवून घ्या. उसातला रस्ता निर्जन असतो, म्हणून सगळ्यांत शेवटच्या धावकाच्या मागे सायकलवर एक स्वयंसेवक आणि एक स्वयंसेविका शेवटपर्यंत राहू द्या.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. फाटा पहिल्या अर्ध्यात घेण्याचे आम्ही पक्के केले आहे. नृसिंहवाडीत पौर्णिमेला दर्शनाची गर्दी असते, म्हणून तिच्या आसपासचा रविवार टाळू. येत्या रविवारी आधी पोलादी टेप घेऊन ३०० मीटरची पट्टी आखायला जात आहोत आणि त्याच दुपारी कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यांना भेटणार आहोत. जोन्स काउंटर कोणाकडे वापरायला मिळत असेल तर कृपया येथेच कळवावे.